मे महिन्यात पाहिलेलं घर

गगनबावड्यात भाड्याचं घर बहुधा एप्रिल-मे महिन्यात पाहिलं जातं. सरकारी बदल्यांबाबतच्या २००५ च्या राज्य कायद्यानुसार बदल्या साधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. या तालुक्याच्या गावी भाड्याने राहायला येतो तोही मुख्यतः बदलून आलेला माणूस: शिक्षक, तलाठी, आरोग्यसेविका, वनरक्षक, बँकेतला कारकून. कोल्हापूरहून पंचावन्न किलोमीटर एसटीने येऊन तो दोन-तीन घरं बघतो, त्यातल्या एकाची अनामत देतो आणि जूनच्या तोंडावर टेम्पोतून सामान आणतो. त्याने पाहिलेलं घर कोरडं ठणठणीत असतं. राहायचं असतं ते मात्र महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एका गावात. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १,००० मिलिमीटर पाऊस होतो. इथे त्याच्या पाचपटीच्या आसपास आणि एखाद्या वर्षी त्याहूनही जास्त.

अशा गावात मे महिन्यात पाहिलेलं घर अर्धंच पाहिलेलं असतं. उरलेलं अर्धं फक्त मालकाला ठाऊक असतं. ते भाडेकरूला सांगणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि ते विचारणं, पडताळणं, कागदावर घेणं हा भाडेकरूचा हक्क आहे. आपल्याकडे यातलं काहीच सहसा होत नाही, आणि ते व्हायला हवं असं मला तळमळीने वाटतं.

घर बघायला गेलेल्या माणसाला आपल्याकडे काय काय विचारतात ते आठवा. गाव कुठलं, घरात माणसं किती, नोकरी कायम की कंत्राटी, मटण-मासे करता का, पाहुणे फार येतात का. आडनावावरून जात काढायचा प्रयत्न होतो आणि तो करताना कुणाची जीभ अडखळत नाही. ही सगळी झडती निमूट देणारा माणूस घराबद्दल दोनच गोष्टी विचारतो: भाडं किती, आणि पाणी किती वाजता येतं. घर गळतं का, असं विचारलं तर समोर आलेल्या चहाचा अपमान होईल असं त्याला वाटतं. ही भीड मला अजिबात पटत नाही. अकरा महिन्यांचं भाडं, अनामत, लहान मुलाची छाती आणि म्हाताऱ्या आईचे सांधे ज्या भिंतींच्या हवाली करायचे, त्यांची चौकशी करण्यात उद्धटपणा कसला?

जुन्या लहान इमारतीबद्दल लोक दोन टोकांनी बोलतात. कुणी म्हणतं, पूर्वीचं काम पक्कं होतं, आताचं सगळं कागदी. कुणी म्हणतं, जुनी इमारत म्हणजे कधी डोक्यावर येईल सांगता येत नाही. दोघंही इमारतीचं वय मोजतात आणि तिथेच थांबतात. रायगड जिल्ह्यात महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसं गेली. ती इमारत जेमतेम दशकभराची होती. उलट घाटमाथ्यावर जांभ्याच्या नाहीतर काळ्या दगडाच्या भिंतींची, मंगलोरी कौलांची, साठ-सत्तर वर्षांची घरं अजून निर्धास्त उभी आहेत, कारण दरवर्षी पावसाआधी त्यांची शाकारणी होते, फुटकं कौल बदललं जातं, वासा किडला तर काढला जातो. इमारतीने किती पावसाळे काढले, यापेक्षा प्रत्येक पावसाळ्याआधी तिच्याकडे कुणी पाहिलं का, हा प्रश्न महत्त्वाचा.

त्या कौलारू घरांची रचनाही बघण्यासारखी आहे. गगनबावडा सह्याद्रीच्या अगदी कडेवर. एका अंगाला करूळ घाट वैभववाडीकडे उतरतो, दुसऱ्या अंगाला भुईबावडा घाट खारेपाटणकडे. खालच्या कोकणातून वर चढणारा पाऊस, वारा आणि धुकं या कडेवर पहिल्यांदा थडकतं ते पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून. जुन्या माणसांनी हे ओळखून त्या बाजूला खिडक्या लहान ठेवल्या, छपराची वळचण लांब ओढली, पडवी पुढे काढली आणि जोतं गुडघाभर तरी उचललं. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात एवढीच त्यामागची खटपट. मग आपण शहर पाहिलं. १९८०-९० नंतर गावोगाव दोन मजली स्लॅबच्या इमारती आल्या, त्यांचे नकाशे कोल्हापूरच्या पेठांतून आणि उपनगरांतून आले. तिथल्या पावसाला पुरेसा असलेला वीतभर छज्जा इथेही बसला. पश्चिमेला गॅलरी आली, भिंती विटांच्या आणि पातळ झाल्या, वर सपाट गच्ची आली. या इमारतींची आता तिशी-चाळिशी झाली आहे आणि भाड्याने मिळणाऱ्या खोल्या मुख्यतः त्यांच्यातच आहेत.

अशी एखादी इमारत रस्त्यावरून बघा. तळमजला मालकाने आधी बांधला, बहुधा सेवानिवृत्तीच्या पैशातून किंवा मुंबईहून आलेल्या पैशातून. वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळी चढला. गच्चीवर कॉलमच्या सळया हातभर वर काढून ठेवलेल्या दिसतील, तिसऱ्या मजल्याच्या आशेने. तो मजला होत नाही. सळया वीस पावसाळे भिजतात, त्यांच्या अंगाने पाणी कॉलममध्ये उतरतं आणि गंज आत सरकत जातो. काँक्रीट मूळचं अल्कधर्मी असतं, म्हणूनच त्यातली सळई सहसा गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून हा गुण मारत जातो, आणि काँक्रीट सच्छिद्र असेल, सळईवरचा थर पातळ असेल तर हे फार लवकर होतं. एकदा गंज धरला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. भारतीय मानकात १९७८ साली सळईच्या काँक्रीटला एम-१५ प्रत चालत असे; २००० च्या सुधारित मानकात ती किमान एम-२० झाली. गावच्या मिस्त्रीने घमेल्याच्या मापाने केलेला माल यातल्या कुठल्या प्रतीचा होता, हे आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणून खुणा वाचायच्या.

स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेने सरळ जाणारी भेग आणि तिच्या कडेला तपकिरी डाग दिसला, तर तो गंज आहे. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर त्या बहुधा वरवरच्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंद होत गेलेली भेग मात्र पाया बसल्याची असू शकते. छताला लाकडी दांड्याने ठोकून बघावं. भरीव जागा टणक वाजते, सुटलेला गिलावा बद्द आवाज करतो. भाडेकरूने छत ठोकून पाहिलेलं मालकाला आवडणार नाही कदाचित. तरीही ठोकावं.

गच्चीवर पत्र्याची शेड मारलेली असेल तर थोडं थांबून विचार करावा. या भागात सपाट स्लॅब गळणारच, हे ओळखून लोक वर लोखंडी कैच्या उभारून पत्रा मारतात. मला तो शहाणपणा वाटतो. कौलारू छपराचं काम पत्रा करतो, स्लॅब कोरडा राहतो, कपडे वाळायला जागा होते. पण पत्रा कधी मारला हे विचारणं आवश्यक आहे. गळती सुरू व्हायच्या आधी मारला असेल तर मालक दूरदर्शी. पंधरा वर्षं गळून, सळया फुगून, मग नाइलाजाने मारला असेल तर पत्र्याने फक्त पाणी थांबवलं. आधी झालेलं नुकसान खाली तसंच आहे. पत्र्याचं टोक भिंतीच्या किती पुढे आलं आहे आणि त्याला पन्हळ आहे का, तेही बघावं. नाहीतर सगळ्या गच्चीचं पाणी एका रेषेत नेमकं पश्चिमेच्या भिंतीवर कोसळतं.

आत गेल्यावर रंगाकडे लक्ष द्यावं. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच कोपरा ताजा, असं असेल तर त्या कोपऱ्याची गोष्ट विचारावी. खरी परीक्षा मात्र भिंतीतल्या कपाटात होते. पश्चिमेच्या खोलीतलं कपाट उघडावं, खालच्या फळीच्या मागे हात घालून भिंत चाचपावी आणि आत नाक नेऊन वास घ्यावा. मालक भिंत रंगवतो, कपाटाची पाठ रंगवत नाही. तिथे पांढरा लोणा फुटलेला असतो, बोटाला पिठासारखा लागतो. फळीच्या कडेला काळ्या बुरशीचे ठिपके असतात. भर मे महिन्यातही तो कुबट वास जात नाही. पलंगाच्या उशाशी जमिनीपासून कंबरेपर्यंत पोपडे असतील तर ओल खालून चढते आहे, म्हणजे जोत्यात ओल अडवणारा थर नाही. तिथे कितीही डिस्टेंपर मारला तरी व्यर्थ. दारांच्या खालच्या कडा रंधून काढल्या असतील तर पावसाळ्यात चौकटी फुगतात. कपाटाची पाठ बघून निघालेला माणूस घराविषयी तासभर गप्पा मारून निघालेल्यापेक्षा जास्त जाणतो, असं माझं ठाम मत आहे.

विजेचा विषय ओलीपासून वेगळा काढता येत नाही. ओल्या भिंतीतला बोर्ड, जुनी दोन तारांची जोडणी आणि नावापुरतं अर्थिंग, हे तिन्ही एकत्र आलं की जुलैत बटणाला हात लावताना झिणझिण्या येतात. मीटरपाशी गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारी यंत्रणा आहे की नुसतं फ्यूजचं किटकॅट आहे, एवढं तरी पाहावं. ती यंत्रणा बसवण्याचा खर्च भाड्याच्या मानाने फार नसतो, आणि मालकाने तो करावा असा आग्रह धरण्यात संकोच नको. पाण्याचंही तसंच. एवढा पाऊस पडूनही डोंगरमाथ्याची जमीन पाणी धरत नाही, म्हणून टाकी मेमध्ये कितीदा भरते हे विचारावं. आणि जुलैत जमीन तुडुंब झाल्यावर शोषखड्डा पाणी घेतो की संडास तुंबतो, हेही. विहीर किंवा बोअर शोषखड्ड्याच्या किती जवळ आहे हा प्रश्न तर आजारपणाचाच आहे.

इमारतीच्या मागे जाऊन डोंगर बघणं मात्र सगळ्यात आधी यायला हवं. इथल्या पुष्कळ जागा उतार कापून सपाट केलेल्या आहेत. मागे उभा कापलेला मातीचा कडा, त्याला संरक्षक भिंत नाही, किंवा भिंत आहे पण पाणी निघायला तिच्यात छिद्रं नाहीत आणि मधोमध ती फुगली आहे; वरच्या उतारावर झाडं तिरपी झालेली, जमिनीला नव्या चिरा. हे दिसलं तर घर कितीही सुंदर असो, मागे फिरावं. माळीणला ३० जुलै २०१४ रोजी आणि तळियेला २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. बाकी दोषांशी तडजोड होऊ शकते, या एका दोषाशी नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण कायदा या बाबतीत भाडेकरूच्या बाजूने आहे आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम १०८ प्रमाणे, जागेतला जो महत्त्वाचा दोष मालकाला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला सापडण्यासारखा नाही, तो मालकाने उघड करून सांगितला पाहिजे. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५७ ‘लिव्ह अँड लायसन्स’ने जागा देणाऱ्यावर असंच बंधन घालतं: राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालाला धोका होईल असा ठाऊक असलेला दोष सांगितलाच पाहिजे. आपण अकरा महिन्यांचे करार करतो ते बहुतेक याच प्रकारातले. जुलैत पश्चिमेची भिंत पाझरते आणि त्याच भिंतीत बोर्ड आहे, हा दोष मे महिन्यात घर बघणाऱ्याला कितीही काळजी घेतली तरी पुरता सापडेल का? नाही सापडणार. म्हणून गगनबावड्यासारख्या गावात ही बोलण्याची जबाबदारी मालकावर इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त येते.

पण कलम १०८ मध्ये एक वाट मोकळी आहे. उलट करार नसेल तरच ते लागू होतं. आणि आपल्या छापील करारांत एक वाक्य असतंच, की जागा पाहून, तपासून, समाधान झाल्यावर ताब्यात घेतली आहे. टायपिस्टने वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरवलेलं हे वाक्य भाडेकरू न वाचता सही करून मान्य करतो आणि पुढे तक्रार केली की तेच त्याच्यासमोर धरलं जातं. भाडेकरूंनी या वाक्यावर सही करणं बंद करावं. त्याच्या जागी चार ओळी लिहाव्यात: गेल्या पावसाळ्यात कुठे गळलं, कुठली भिंत ओली झाली, त्यावर काय दुरुस्ती केली, आणि येत्या पावसाळ्यात पुन्हा तसं झालं तर किती दिवसांत कोण काय करेल. राज्याचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं, उलट करार नसेल तेव्हा, मालकावरच टाकतो. नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरूने करून वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत रक्कम वळती करावी, अशी तरतूद त्यात आहे. तो कायदा ठरवून दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे, त्यामुळे लहान गावात त्याच्यावर विसंबून राहू नये. आपल्या करारात तेच कलम लिहून घ्यायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

ओलीची ही काळजी इथे नवी नाही. याच बावड्याची, म्हणजे गगनबावड्याची, जहागिरी ज्यांच्या घराण्याकडे होती त्या रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचं. दुर्गांविषयीच्या प्रकरणात पंतांनी सांगितलं आहे की आधी पाणी पाहावं आणि मग किल्ला बांधावा, आणि एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. दारूखान्याबद्दलचा, म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूच्या कोठाराबद्दलचा, त्यांचा नियम मला फार मोलाचा वाटतो. तिथे सर्दी शिरू देऊ नये, एवढं सांगून ते थांबत नाहीत. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावं आणि मोहोर करून परत ठेवावी, असं ते लिहितात. ओल ही या डोंगरातली कायमची गोष्ट आहे, ती एकदा बांधकाम करून संपत नाही, आणि तिच्यावर नजर ठेवण्याचं काम एका ठरावीक माणसाच्या नावावर असलं पाहिजे, हे त्यांना तीनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आजच्या भाड्याच्या घरात ते काम कुणाच्याच नावावर नाही. मालक म्हणतो, राहणाऱ्याने बघावं. राहणारा म्हणतो, घर कुठे माझं आहे.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा की गावात भाड्याची घरंच मोजकी. शिक्षकाने आणि आरोग्यसेविकेने मुख्यालयी राहावं अशी अपेक्षा, मग निवड कसली करायची? निवड नसेल, मान्य. पण घराचा दोष आधी कळला तर मुलांचं अंथरूण कुठल्या भिंतीला लावायचं नाही हे ठरतं, पुस्तकं आणि धान्य कुठे ठेवायचं ते ठरतं, भाड्यात दोनशे-चारशे रुपये कमी करून मागता येतात, आणि मुख्य म्हणजे जूनच्या आत एखादी दुरुस्ती करून घेता येते. एकदा पाऊस लागला की इथे गवंडी काम धरत नाही, गिलावा वाळत नाही. जुलैत लागलेल्या शोधाचा मग दिवाळीपर्यंत काही उपयोग नाही.

दुसरा आक्षेप मालकाचा. तो काही धनदांडगा नसतो. खाली तोच राहतो, त्याचीही भिंत ओली असते, दोन खोल्यांच्या भाड्यात गच्चीचा कोबा नव्याने होत नाही. हे मला पूर्ण पटतं, आणि म्हणूनच मालकावर शहरी नियमांचा बडगा उगारावा असं मी म्हणत नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नगरपालिका आणि महापालिका हद्दीत सक्तीची आहे. गावातल्या दोन मजली घराला तो खर्च झेपणार नाही. पण खरं सांगायला पैसे लागत नाहीत. ग्रामपंचायत घरपट्टीसाठी प्रत्येक इमारतीची नोंद नमुना ८ मध्ये ठेवते. बांधकाम कशाचं आहे, किती आहे, हे तिच्याकडे असतंच. भाड्याने दिलेल्या घराचा शेवटचा दुरुस्तीचा महिना आणि मागच्या उताराची स्थिती एवढं त्यासोबत नोंदवायला फार मनुष्यबळ लागणार नाही. ग्रामसभेने मनावर घेतलं तर हे येत्या एप्रिलच्या आत होऊ शकतं.

तोपर्यंत, तुम्ही या उन्हाळ्यात गगनबावड्यात घर बघायला जाणार असाल तर चहा घ्या, आणि मग विचारा: गेल्या जुलैत या खोलीत भांडी कुठे कुठे ठेवावी लागली? आधीचा भाडेकरू का गेला आणि त्याचा नंबर मिळेल का? उत्तर करारात लिहून घ्या. आणि तुम्ही घर देणारे असाल तर समोरच्याने विचारायची वाट बघू नका; पश्चिमेच्या खोलीतलं कपाट त्याला स्वतःच उघडून दाखवा.